लिनक्सवर माऊसची जादा बटणं: आधी बटण कुठपर्यंत पोचतंय ते बघा, टूल नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: उबुंटू २४.०४, नवीन माऊस घेतलाय, अंगठ्यापाशी दोन बटणं आणि चाकामागे एक. ब्राउझरमध्ये मागे-पुढे जाता येतं, बस तेवढंच. पाहिजे काय, तर कॉपी-पेस्ट माऊसवरून आणि एका बटणावर मराठी-इंग्रजी कीबोर्डची अदलाबदल. जुने व्हिडिओ बघून एक्सबाइंडकीज (बटणाला काम नेमून देणारं जुनं टूल) टाकलं, फाइल लिहिली, आणि काहीच होत नाही, एररसुद्धा येत नाही.

तर पहिलं म्हणजे एक्सबाइंडकीज काढून टाका. तुमची फाइल बरोबर असेल हो, पण ते तिथे चालणारच नव्हतं. एक्सबाइंडकीज, एक्सडूटूल, एक्सइनपुट, आयएमव्हील ही सगळी मंडळी एक्स११ च्या, म्हणजे खिडक्या-माऊस-कीबोर्ड सांभाळणाऱ्या जुन्या डिस्प्ले सर्व्हरच्या, जमान्यातली. तिथे कुठलाही प्रोग्राम डिस्प्ले सर्व्हरला सांगू शकायचा की आठ नंबरचं बटण दाबलं की मला कळव, आणि दुसऱ्या कुठल्याही खिडकीत खोटी की सोडू शकायचा. त्याची जागा घेणाऱ्या वेलँडमध्ये हे मुद्दामच बंद केलंय, कारण ज्या वाटेने तुमचं शॉर्टकट चालायचं त्याच वाटेने पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही चालायचा. उबुंटू २१.०४ पासून ग्नोमचं (उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपचं) डिफॉल्ट सेशन वेलँड आहे, फेडोरात तर २०१६ पासून, आणि नेटवरचं अर्धंअधिक साहित्य त्याच्या आधीचं. गंमत म्हणजे एखादं जुनं ॲप एक्सवेलँडमधून (वेलँडवर जुनी एक्स११ ॲप्स चालवणारा थर) चालत असेल तर त्याच्या खिडकीवर एक्सबाइंडकीज अधूनमधून चालल्यासारखं वाटतं, त्यामुळे माणूस अजूनच गोंधळतो आणि फाइलमध्येच चूक शोधत बसतो.

तुमचं सेशन कुठलं ते सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, मग सिस्टिम डिटेल्स मध्ये विंडोइंग सिस्टिम या ओळीत दिसेल. कोणीतरी सल्ला देईलच की लॉगिन करताना खाली गिअरच्या आयकॉनवरून उबुंटू ऑन एक्सऑर्ग निवडा, जुनं सगळं चालेल. चालेल, खरंय. पण उबुंटू २५.१० मध्ये ग्नोमचं ते सेशनच काढून टाकलंय, ग्नोम ४९ ने मुळातच एक्स११ सेशन डिफॉल्टने बंद केलंय. दोन बटणांसाठी आज मागे जायचं आणि पुढच्या अपग्रेडला परत हेच सगळं करायचं, यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

आता मुख्य काम. कुठलंही टूल टाकायच्या आधी बघायचं की बटण दाबल्यावर कॉम्प्युटरपर्यंत नक्की काय पोचतं. लिबइनपुट-टूल्स नावाचं पॅकेज टाका (फेडोरात त्याचं नाव लिबइनपुट-युटिल्स) आणि टर्मिनलमध्ये सुडो लावून लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स चालवा. माऊस हलवला की ओळींचा पाऊस पडेल, तिकडे दुर्लक्ष करा, माऊस टेबलावर स्थिर ठेवून एकेक बटण सावकाश दाबा. नीट वागणारं बटण असेल तर ओळीत पॉइंटर-बटण असं येतं आणि पुढे बीटीएन-साइड २७५ किंवा बीटीएन-एक्स्ट्रा २७६. हे कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) दिलेले नंबर आहेत, डावं बटण २७२, उजवं २७३, मधलं २७४, मग साइड, एक्स्ट्रा, फॉरवर्ड २७७, बॅक २७८, टास्क २७९. जुन्या लेखांमध्ये बटण आठ आणि नऊ लिहिलेलं असतं ते हेच साइड आणि एक्स्ट्रा, फक्त एक्स११ च्या मोजणीत, कारण तिथे चार-पाच उभ्या स्क्रोलला आणि सहा-सात आडव्या स्क्रोलला देऊन झालेले आहेत. आणि बहुतेक माऊसवर ब्राउझरमध्ये मागे नेतं ते साइड, बॅक नाही, त्यामुळे नावावर जाऊ नका, नंबर कागदावर लिहून ठेवा.

दुसरी शक्यता अशी की पॉइंटर-बटण न येता कीबोर्ड-की अशी ओळ येते आणि नावाच्या जागी तीन चांदण्या दिसतात. म्हणजे ते बटण स्वतःला कीबोर्ड म्हणवतंय. चांदण्या एवढ्याचसाठी की पासवर्ड टाइप करताना आउटपुटमध्ये उघडा पडू नये, कमांडच्या पुढे शो-कीकोड्स हा ऑप्शन लावला की खरं नाव दिसतं. अंगठ्यापाशी बारा बटणं असलेले गेमिंग माऊस, रेझरचा नागा वगैरे, हे असेच, १ ते ९, शून्य, वजा, बरोबर, म्हणजे कीबोर्डची वरची आकड्यांची ओळच पाठवतात. स्वस्तातल्या काही माऊसवर एखादं बटण थेट कंट्रोल-सी किंवा विंडोजची की सुद्धा सोडतं. यात बिघडत काही नाही, फक्त अशा माऊसला असंच टूल लागतं जे डिव्हाइस ओळखून की बदलेल, नाहीतर कीबोर्डवरचा १ पण बदलून बसेल.

तिसरी शक्यता, काहीच येत नाही. तुमचं चाकामागचं बटण बहुतेक यातलंच निघेल. ते डीपीआयचं बटण, ते दाबलं की माऊस आतल्या आत कर्सरचा वेग बदलतो आणि कॉम्प्युटरला अक्षरही कळवत नाही. जे कर्नलपर्यंत पोचतच नाही ते सॉफ्टवेअरने पकडायचं कसं? तिथे एकच दरवाजा, माऊसच्या आतली सेटिंग बदलणं, त्यावर खाली लिहितो.

तुमची अंगठ्याची बटणं २७५ आणि २७६ दाखवतील असं धरून चालतो, कारण ब्राउझरमध्ये मागे-पुढे जातंय. या परिस्थितीत मी ग्नोमवाल्या कुणालाही इनपुट-रीमॅपर सांगतो. ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये जादा बटणांसाठी काही सोयच नाही, कस्टम शॉर्टकटच्या डब्यात माऊसचं बटण दाबून बघा, ते घेतच नाही. इनपुट-रीमॅपर उबुंटूच्या रेपोमध्येच आहे, ॲप्टने येतं. ते कर्नलच्या पातळीवर तुमचा माऊस स्वतःच्या ताब्यात घेतं, त्यातून येणारं बटण बदलतं आणि एक आभासी डिव्हाइस तयार करून त्यातून पुढे सोडतं. वेलँडला वाटतं खराच माऊस-कीबोर्ड आहे. म्हणून ते एक्स११ वर चालतं, वेलँडवर चालतं, उद्या डेस्कटॉप बदललात तरी चालतं. याची किंमत म्हणजे रूट म्हणून चालणारी एक सर्व्हिस मागे सतत जागी असते, ऑफिसच्या मशीनवर आयटीवाले यावरून कपाळाला आठ्या घालू शकतात, घरी काही हरकत नाही.

उघडलं की डिव्हाइसमध्ये तुमचा माऊस निवडा, नवा प्रीसेट करा, रेकॉर्ड दाबून माऊसचं बटण दाबा, उजवीकडे आउटपुट लिहायची जागा येते. तिथे टार्गेट म्हणून कीबोर्ड प्लस माऊस निवडा, नुसतं कीबोर्ड ठेवलंत तर पुढे सांगतोय ती एक युक्ती चालणार नाही. मग अप्लाय, आणि ऑटोलोडचं बटण चालू करा, ते विसरलं की रीबूटनंतर परत मागे-पुढे चालू होतं आणि लोक म्हणतात की सेटिंग टिकत नाही.

आता काय कुठे ठेवायचं. कॉपीसाठी सगळे डोळे झाकून कंट्रोल-सी लिहितात. तुम्ही मराठी टाइप करता म्हणून सांगतो, ते करू नका. इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्डची मांडणी) चालू असताना सी च्या जागी मराठी अक्षर असतं, बरीच ॲप्स समजून घेतात की मूळ की सी आहे, पण काही घेत नाहीत, आणि मग बटण कधी चालतं कधी नाही असं विचित्र दुखणं मागे लागतं. शिवाय टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे चालू काम बंद. त्यापेक्षा कॉपीला कंट्रोल-इन्सर्ट आणि पेस्टला शिफ्ट-इन्सर्ट द्या. ही जोडी फार जुनी आहे, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, साधारण सगळीकडे चालते, आणि इन्सर्ट ही की कुठल्याही भाषेच्या लेआउटमध्ये इन्सर्टच राहते. टर्मिनलमध्ये कंट्रोल-इन्सर्टने काही बंद पडत नाही, मात्र शिफ्ट-इन्सर्ट तिथे कॉपी केलेल्याऐवजी शेवटचं नुसतं सिलेक्ट केलेलं टाकू शकतं, एवढं लक्षात असू द्या.

भाषा बदलायला ग्नोममध्ये सुपर-स्पेस आहे, केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर मेटा-आल्ट-के (सुपर आणि मेटा ही दोन्ही विंडोजच्या कीचीच नावं). मॅक्रोमध्ये, म्हणजे त्या आउटपुटच्या जागेत, लिहायचं मॉडिफाय(सुपर_एल, की(स्पेस)), अर्थात टाइप करताना हे सगळं रोमन लिपीत, नावं ऑटोकम्प्लीट सुचवत जातं. सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली इंग्रजी आणि मराठी असे दोनच सोर्स ठेवा. तिसरा एखादा पडून असेल तर एका दाबाला शेवटच्या दोनांतच अदलाबदल होत राहते आणि नक्की कुठे उभे आहोत ते वर कोपऱ्यात बघायला लागतं.

बटणं दोन आणि कामं तीन, वर ब्राउझरचं मागे जाणंही हातचं जाणार, कारण बटण एकदा बदललं की फायरफॉक्सला ते दिसतच नाही. इथे इफ_टॅप कामाला येतं. त्यात दोन गोष्टी द्यायच्या, पटकन दाबून सोडलं तर पहिली, धरून ठेवलं तर दुसरी, मधली मर्यादा डिफॉल्टने ३०० मिलिसेकंद. मागच्या बटणाला, म्हणजे २७५ ला, पहिली गोष्ट की(बीटीएन_साइड) द्या आणि दुसरी वरची सुपर-स्पेसवाली. म्हणजे टिचकी मारली की नेहमीसारखं मागे, धरलं की भाषा बदल. टार्गेट कीबोर्ड प्लस माऊस ठेवायला सांगितलं ते यासाठी. पुढच्या बटणाला, २७६ ला, टिचकीवर कंट्रोल-इन्सर्ट आणि धरल्यावर शिफ्ट-इन्सर्ट. असं: इफ_टॅप(मॉडिफाय(कंट्रोल_एल, की(इन्सर्ट)), मॉडिफाय(शिफ्ट_एल, की(इन्सर्ट))). ब्राउझरमधलं पुढे जाणं यात बळी जातं, पण ते बटण तसंही किती जण वापरतात, मी तरी नाही. ३०० कमी-जास्त वाटलं तर तिसरा आकडा म्हणून मर्यादा बदलता येते, वडीलधाऱ्यांसाठी लावून देत असाल तर ५०० ठेवा, नाहीतर ते साधं दाबतात आणि कॉपीच्या जागी पेस्ट होतं.

एक धोका. प्रयोग करताना डाव्या क्लिकला हात लावू नका. चुकून लावलाच तर कंट्रोल-आल्ट-एफ३ ने टेक्स्ट कन्सोलवर जा, लॉगिन करून सिस्टिमसीटीएलने इनपुट-रीमॅपर सर्व्हिस थांबवा, माऊस परत येईल. 

बटणावर एखादा प्रोग्राम किंवा स्क्रिप्ट चालवायची असेल तर सरळ मार्ग असा की बटणाला कीबोर्डवर नसलेली एखादी फंक्शन की द्यायची आणि ग्नोमच्या कस्टम शॉर्टकटमध्ये ती पकडायची. पण एफ१३ नको. एफ१३ चा अर्थ लिनक्सच्या कीबोर्ड टेबलात टूल्स असा लावलेला आहे, ग्नोम त्यावर सेटिंग्जची खिडकी उघडतं, आणि एफ२० माइक म्यूट करतो. एफ१४ ते एफ१८ बिनधास्त वापरा, शॉर्टकटच्या डब्यात ते लाँच५, लाँच६ अशा नावांनी दिसतील, घाबरू नका.

आता माऊसच्या आतलं. तुमचा माऊस लॉजिटेकच्या जी मालिकेतला, स्टीलसीरीजचा, रोकॅटचा वगैरे असेल तर पायपर टाकून बघा. त्याच्यामागे रॅटबॅगडी नावाची सर्व्हिस असते, आणि ही जोडी बटणाची नवी नेमणूक थेट माऊसच्या मेमरीत लिहिते. मग मागे काही चालू ठेवावं लागत नाही, लॉगिन स्क्रीनवरही चालतं, तोच माऊस ऑफिसच्या विंडोजला लावला तरी चालतं, आणि डीपीआयचं मुकं बटणही इथे बोलकं होतं. माऊस पायपरमध्ये दिसला तर मी इनपुट-रीमॅपरच्या आधी हेच करेन. फक्त टिचकी आणि धरणं असला भेद इथे होत नाही, एका बटणाला एक काम. अडचण एवढीच की प्रत्येक मॉडेलची माहिती कोणीतरी बसून लिहावी लागते, त्यामुळे दुकानात गेल्या महिन्यात आलेला किंवा बिननावाचा आरजीबी दिव्यांचा माऊस यात सहसा नसतो. डिव्हाइस सापडलं नाही असा बोर्ड आला की तिथेच सोडून द्या, खटपट करून उपयोग नाही. रेझरवाले ओपनरेझर टाकतात आणि मग बटणं शोधतात, त्यात दिवे आणि डीपीआय आहे, बटणं बदलायची सोय नाही.

लॉजिटेकच्या एमएक्स मालिकेचं प्रकरण वेगळं. त्या माऊसमध्ये नेमणूक लक्षात ठेवायची मेमरी नाही, अंगठ्याखालचं जेश्चरचं बटण तर बऱ्याचदा साध्या वाटेने काही पाठवतही नाही. तिथे सोलार, लॉजिटेकच्या माऊसशी बोलणारं टूल. त्यात माऊस निवडून की/बटण डायव्हर्जन मध्ये ते बटण डायव्हर्टेड करायचं, मग बटण नेहमीची वाट सोडून सोलारला कळवतं, आणि सोलारच्या रूल एडिटरमध्ये हे बटण आलं की ही की दाब असा नियम लिहायचा. सेटिंगच्या उजव्या टोकाला छोटं कुलूप असतं, ते आधी उघडल्याशिवाय काही बदलत नाही, यावर बरेच जण अडकतात. सोलार चालू असेपर्यंतच हे चालतं, म्हणून स्टार्टअपमध्ये टाका. सोलार आणि पायपर एकाच माऊसवर एकाच वेळी नको, दोघं त्याच भाषेत माऊसशी बोलतात आणि एकमेकांची सेटिंग पुसतात.

केडीई प्लाझ्मा वापरत असाल तर यातलं निम्मं लागणारच नाही. ५.२६ पासून, म्हणजे २०२२ पासून, वेलँड सेशनमध्ये सिस्टिम सेटिंग्जमध्ये माऊसच्या पानावर जादा बटणं बांधायची सोय आहे, बटण दाबायचं, की दाबायची, झालं. डावं-उजवं-मधलं सोडून बाकी सगळ्यांना चालतं. टिचकी-धरण्याचा भेद नाही, पण मेटा-आल्ट-के एका बटणावर टाकायला कशाला हवा. लिनक्स मिंटवाले, ज्यांचं सिनॅमन डेस्कटॉप अजून डिफॉल्टने एक्स११ वर आहे, त्यांना जुने सगळे लेख चालतात, तरीही मी इनपुट-रीमॅपरच सांगेन, उद्या मिंटही वेलँडवर जाणारच आहे. स्वे किंवा हायपरलँडवाल्यांना कॉन्फिगमध्ये थेट २७५ लिहिता येतं, त्यांना हे मी सांगायची गरज नसते.

एकास एक अदलाबदल एवढीच हवी असेल, उदाहरणार्थ चाक दाबणं कडक झालंय म्हणून मधली क्लिक अंगठ्यावर आणायची आहे, तर कुठलंही टूल न टाकता यूडेव्हच्या एचडब्ल्यूडीबीमध्ये (सिस्टिमची डिव्हाइसची यादी) जमतं. मला हा उपाय फार आवडतो, कारण मागे काहीच चालू राहत नाही, शाळेच्या लॅबमधल्या वीस मशीनवर एक फाइल कॉपी केली की झालं. इटीसी, यूडेव्ह, एचडब्ल्यूडीबी.डी या फोल्डरमध्ये फाइल करायची, पहिल्या ओळीत माऊसचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट नंबर (एलएसयूएसबी या कमांडमध्ये दिसतो, इथे हेक्स अक्षरं कॅपिटलच लागतात), दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस सोडून कीबोर्ड_की_९०००४ बरोबर बीटीएन_मिडल. हा ९०००४ म्हणजे माऊसचं चौथं बटण, इव्हीटेस्ट या टूलमध्ये स्कॅन व्हॅल्यू म्हणून तोच दिसतो. मग सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट, आणि माऊस काढून परत लावा. ती सुरुवातीची स्पेस राहिली तर फाइल चालत नाही, आणि रात्रभर बघितलं तरी डोळ्याला ते दिसत नाही. मधली क्लिक अंगठ्यावर आली की बऱ्याच जणांचं कॉपी-पेस्टचं काम तिथेच भागतं, कारण लिनक्सवर सिलेक्ट केलं की मधल्या क्लिकने ते पेस्ट होतंच.

ट्रॅकबॉलवाल्यांसाठी एक ओळ, चाक नसलेला बॉल असेल तर बटण धरून बॉल फिरवला की स्क्रोल व्हावं ही सोय लिबइनपुटमध्ये आहेच, ग्नोममध्ये जीसेटिंग्जच्या ट्रॅकबॉल विभागात स्क्रोल-व्हील-इम्युलेशन-बटण ला ८ द्या.

हे सगळं लावल्यावर काही अडलं आणि परत डीबग-इव्हेंट्स चालवलंत तर आधी इनपुट-रीमॅपर थांबवा. ते चालू असताना खरा माऊस त्याच्या मुठीत असतो, आउटपुटमध्ये दिसतो तो त्याने तयार केलेला आभासी माऊस, आणि त्यावरून निदान केलं की चुकतंच. ब्लूटूथवर आणि डोंगलवर एकच माऊस वेगवेगळ्या नावाने येतो, तेव्हा दोन्हीकडे वापरत असाल तर प्रीसेटही दोन करावे लागतील.